बिथरलेल्या लेझरची मोजणी

मिरग लागून चार-पाच दिवस झाले होते आणि आमच्या घरचं इंटरनेट गेलं. फोंड्यात पावसाळ्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला एक तरुण मुलगा आला. राउटरमागची बारीक वायर त्याने काढली, तिचं हिरवं टोक कोरड्या पट्टीवर पुसलं, आणि मी वाकून बघू लागले तसा म्हणाला, "टीचर, डोळ्यांसमोर धरू नका हां. उजेड दिसत नाही, पण असतो."

त्याचं बरोबर होतं. घरात येणाऱ्या फायबरमध्ये १३१० आणि १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर प्रकाश धावत असतो. आपल्या डोळ्यांना सातशेच्या पुढचं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याच्या पिशवीत तुटलेल्या वायरचा एक जुना तुकडा होता. तो मी मागून घेतला आणि संध्याकाळी भिंगाखाली धरला. हिरव्या टोकाच्या मध्यभागी पांढरी सिरॅमिकची काडी असते आणि तिच्या पोटात केसासारखी काच. ती काडी सरळ कापलेली नसते, आठ अंशांनी तिरपी घासलेली असते. निळ्या टोकाच्या वायरी येतात, त्यांना हा तिरपेपणा नसतो. हिरवा रंग त्याचीच खूण आहे.

एवढा उपद्व्याप कशासाठी? काच आणि हवा जिथे भेटतात तिथून साधारण चार टक्के प्रकाश मागे फिरतो. टोक सरळ असेल तर तो आल्या वाटेने थेट लेझरपर्यंत परत जातो. तिरपं असेल तर तो फायबरच्या कडेला जाऊन बाहेर पडतो. महागड्या यंत्रणांमध्ये याच्याही पुढे जाऊन लेझरच्या तोंडाशी एकेरी वाहतुकीचं दार बसवलेलं असतं: प्रकाश बाहेर जाऊ शकतो, आत येऊ शकत नाही. स्वतःचाच प्रकाश परत आला तर लेझरचं असं काय बिघडतं, हे समजून घेण्यात जगभरच्या प्रयोगशाळांची चाळीसहून अधिक वर्षं गेली आहेत. तो बिघाड मोजायचा कसा, हा त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. आज त्याबद्दल लिहिते.

जत्रेतल्या नाटकाला माईक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. लेझरमध्येही तसाच फेरा सुरू होतो. फरक असा की माईकची शिट्टी एकाच सुरात अडकते आणि लेझर कुठल्याच सुरात टिकत नाही.

आधी लेझर कसा असतो ते बघू. अर्धवाहक लेझर म्हणजे मिठाच्या खड्यापेक्षाही लहान स्फटिक, लांबी साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. १९६२ साली अमेरिकेत पहिल्यांदा तो पेटला. तेव्हा त्याला अतिथंड ठेवावं लागत असे. घरच्या तापमानाला सतत चालणारे लेझर १९७० मध्ये आले. त्यामागच्या संशोधनासाठी झोरेस अल्फेरोव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० साली नोबेल मिळालं. आज दुकानातला बारकोड वाचणारा दिवा, सीडी प्लेअर, छपाईयंत्र, राउटर, सगळीकडे तोच आहे. या स्फटिकाला वेगळे आरसे लावत नाहीत. त्याची फोडलेली दोन टोकंच आरशाचं काम करतात आणि त्यांवरून फक्त तीसेक टक्के प्रकाश आत परततो. बाकीचा बाहेर जातो. इतकं मोकळं दार ज्या घराला असतं, त्या घरात बाहेरचं काहीही सहज शिरतं. बाहेरून येणाऱ्या प्रकाशाला हा लेझर इतका हळवा असण्याचं हे एक कारण.

आत काय चालतं हे सांगायला मी वर्गात म्हापशाच्या मासळी बाजाराचा दाखला देते. वीजप्रवाह इलेक्ट्रॉन आणून टाकतो, तो मासळीचा माल. फोटॉन हे गिऱ्हाईक. प्रत्येक गिऱ्हाईक एक मासा उचलतं आणि अगदी आपल्यासारखंच दुसरं गिऱ्हाईक घेऊन येतं. लेझरचं मूळ तत्त्व हेच, फोटॉन आपली हुबेहूब प्रत तयार करतो. माल भरपूर असला की गर्दी भराभर वाढते, माल संपत येतो, गर्दी पांगते, मग माल पुन्हा साठतो. मालाचा आणि गर्दीचा असा झोका चालू केल्यावर काही वेळ हलतो आणि शांत होतो. खऱ्या लेझरमध्ये हा झोका सेकंदाला काही अब्ज वेळा हलतो.

माल आणि गर्दी, अशा दोनच राशी असतील तर केऑस, म्हणजे नियमाने चालूनही भाकीत करता न येणारं वागणं, होऊ शकत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. कागदाच्या पानावर एक रेष काढत जा आणि तिने स्वतःला कुठेही छेदायचं नाही अशी अट घाला. रेष एकतर एका बिंदूवर स्थिरावेल किंवा एखाद्या वेटोळ्यात फिरत राहील. पसारा मांडायला तिला तिसरी दिशा लागते. १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झने हवामानाच्या अभ्यासातून तीन राशींची समीकरणं लिहिली आणि त्यांत केऑस सापडला. १९७५ साली हर्मान हाकेनने दाखवलं की लेझरची मूळ समीकरणं नीट मांडली तर तीच लॉरेन्झची समीकरणं निघतात. मात्र राउटरमधल्या अर्धवाहक लेझरमध्ये तिसरी राशी इतक्या वेगाने विरून जाते की उरतात दोनच. म्हणून एकटा ठेवलेला अर्धवाहक लेझर गुणी बाळासारखा वागतो.

आता त्याच्यासमोर पंधरा सेंटिमीटरवर एक आरसा ठेवा. शाळकरी फूटपट्टीचा अर्धा भाग. प्रकाश जाऊन-येऊन तीस सेंटिमीटर कापतो, त्याला लागतो एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आरशातून परतलेला प्रकाश लेझरला आपला एक नॅनोसेकंद जुना अवतार दाखवतो. पुढे काय होणार हे ठरवायला आता मालाची आणि गर्दीची या क्षणाची स्थिती पुरत नाही. मागच्या संपूर्ण नॅनोसेकंदात काय काय घडलं तो सगळा आलेख लागतो आणि त्या आलेखावर बिंदू अगणित. दोन राशींचं बाळ एका आरशाने अनंत राशींचं झालं. रॉय लँग आणि कोबायाशी यांनी १९८० मध्ये हे समीकरणात बसवलं. ते समीकरण आजही प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर असतं.

आणखी एक गुंता आहे. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की प्रकाशाची वारंवारिताही सरकते. चार्ल्स हेन्री यांनी १९८२ मध्ये या जोडीचं माप दिलं. ते साधारण दोन ते सहाच्या दरम्यान असतं. त्यामुळे परतणारी लाट कधी आतल्या लाटेच्या पावलाशी पाऊल जुळवते, कधी तिच्या पायात पाय घालते, आणि जुळवलं की नाही यावरूनच पुढच्या फेरीतलं पाऊल बदलतं.

केऑस या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण नुसता गोंधळ असा घेतात. कॅल्क्युलेटर हातात घ्या, मग बोलू. नियम असा: शून्य आणि एक यांच्यामधली एक संख्या घ्या, ती एकातून वजा करा, दोघींचा गुणाकार करा, चारने गुणा. येईल ती संख्या घेऊन पुन्हा तेच. ०.३ पासून निघाल्यावर ओळ येते: ०.८४००, ०.५३७६, ०.९९४३, ०.०२२५, ०.०८७९, ०.३२०८, ०.८७१६, ०.४४७६, ०.९८९०, ०.०४३४. आता ०.३०१ पासून निघा: ०.८४१६, ०.५३३२, ०.९९५६, ०.०१७६, ०.०६९२, ०.२५७६, ०.७६५०, ०.७१९०, ०.८०८१, ०.६२०२. सुरुवातीचा फरक एक हजारांश. तिसऱ्या पायरीपर्यंत दोघी बहिणी हातात हात घालून चालतात, दहाव्या पायरीवर एक ०.०४ वर आणि दुसरी ०.६२ वर. नियमात नशिबाला कुठेही जागा नाही, तरी भाकीत दहा पावलांत निकामी झालं. केऑस म्हणतात तो हा.

या दोन ओळींत एक गोष्ट दडलेली आहे. सलग तीन आकडे उतरत्या क्रमाने कुठे आलेत का बघा. नाहीत. हजार पायऱ्या चाला, दहा हजार चाला, येणार नाहीत. कारण अगदी सोपं आहे. संख्या पाऊणपेक्षा मोठी असेल तरच पुढची तिच्याहून लहान येते. आणि पाऊणपेक्षा मोठ्या संख्येतून निघणारी संख्या नेहमी पाऊणहून लहान असते, तेव्हा तिच्या पुढची चढलीच पाहिजे. घसरण सलग दोनदा होऊच शकत नाही. आता हेच दहा हजार आकडे चिठ्ठ्यांवर लिहून टोपलीत घालून हलवा आणि एकेक काढा. आकडे तेच, सरासरी तीच, किती आकडे कुठल्या टप्प्यात पडतात तो आलेखही तोच. पण आता तीन सलग उतरते आकडे दर सहा त्रिकुटांत साधारण एकदा दिसू लागतात. टोपली हलवल्याने जे मोडलं, तोच नियम होता.

पुढचं सगळं या टोपलीवर उभं आहे.

लेझरकडे परत येते. वीजप्रवाह उंबरठ्याच्या, म्हणजे लेझर जिथे पेटू लागतो त्या पातळीच्या, जरासा वर ठेवला आणि आरशातून बऱ्यापैकी प्रकाश परत पाठवला की लेझर एका विशिष्ट तऱ्हेने बिथरतो. ऑसिलोस्कोप, म्हणजे वेगवान बदल रेषेने दाखवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर उजेडाची रेष काही काळ वर असते, मग अचानक कोसळते, आणि पायऱ्यापायऱ्यांनी पुन्हा वर चढते. प्रत्येक पायरी एका फेरीइतकी रुंद. वर पोचली की काही वेळाने पुन्हा कोसळते. रिश आणि व्होमार्ड यांनी हे १९७७ मध्येच नोंदवलं होतं. हे धक्के सेकंदाला काही दशलक्षांच्या घरात असतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आतल्या अब्जांच्या झोक्यापुढे ते मंदच. रेष स्थिर दिसते तीही फसवी असते. १९९६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा त्या स्थिर रेषेच्या पोटात नॅनोसेकंदाच्या अंशाइतक्या अरुंद प्रकाशकळांची रीघ निघाली. साध्या ऑसिलोस्कोपला त्या दिसत नव्हत्या, त्यांची नुसती सरासरी दिसत होती. मोजायला कुठलं यंत्र घेतलं हे विसरून निष्कर्ष काढू नयेत, हे मी मुलांना या उदाहरणावरून सांगते.

लेझर का कोसळतो? यावर वर्षानुवर्षं वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, लेझरच्या आत काही फोटॉन सतत आपणहून जन्मत असतात, बेताल, कुणाच्याही प्रती नसलेले. त्यांच्या धक्काबुक्कीने लेझर काठावरून ढकलला जातो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, धक्काबुक्कीची गरजच नाही. १९९४ मध्ये सानो या जपानी संशोधकाने समीकरणांतून दाखवलं की लेझर एकेका फेरीगणिक अधिक उजेडाच्या स्थितीकडे चढत जातो, आणि वरच्या पायऱ्यांच्या अगदी लगतच न टिकणाऱ्या स्थिती असतात. पावसात शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांसारखं. चढणं नियमाने, आणि घसरणंही नियमानेच.

एक धक्का बघून हा वाद मिटत नाही. पन्नास बघूनही नाही. इथे संख्याशास्त्र लागतं आणि इथेच मला आपल्या मातीतल्या एका माणसाची आठवण येते. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यात, १९०७. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली प्राचीन चांदीची नाणी हजारोंनी वजन केली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एखादं नाणं किती झिजेल ते कुणी सांगू शकत नाही, ते कुणाच्या कनवटीला किती वर्षं राहिलं यावर आहे. पण ढीग घेतला तर सरासरी वजन काळानुसार उतरत जातं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. त्यावरून कुठला ढीग आधीचा, कुठला नंतरचा, हे कोसंबी ठरवू शकले. एकाबद्दल मौन, समूहाबद्दल ठाम बोलणं. याच कोसंबींनी १९४३ मध्ये दाखवलं की कितीही वेडावाकडा बदलता आलेख काही मूळ आकारांच्या बेरजेत उलगडता येतो, आणि ते आकार बाहेरून लादायचे नसून त्या आलेखांच्या आकडेवारीतूनच काढायचे असतात. पुढे कारुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं. आज तिघांची नावं एकत्र घेतली जातात. वादळी प्रवाहांपासून केऑसपर्यंत ही युक्ती रोज वापरली जाते. गोव्यात दरवर्षी त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो. त्यात या कामाबद्दलही कुणीतरी भरभरून बोलावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तर धक्के मोजू. सोपी गोष्ट अशी की दोन धक्क्यांमधला वेळ टिपायचा आणि त्याचा स्तंभालेख काढायचा. उंबरठ्याजवळ तो कसा दिसतो? सुरुवातीला रिकामी जागा, कारण कोसळल्यावर वर चढायलाच काही वेळ लागतो. त्यानंतर भराभर उतरत जाणारी शेपटी. असा उतार बेताल ढकलण्यातून येतो, म्हणून पहिल्या पक्षाची बाजू भक्कम वाटते. पण मघाची टोपली आठवा. स्तंभालेख काढणं म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या टोपलीत टाकणंच आहे. कुठला वेळ कुठल्या वेळामागून आला ती माहिती त्यात उरत नाही, आणि नियम असेल तर तो त्या क्रमातच असणार.

क्रम पाहायची फार देखणी रीत ख्रिस्तोफ बँट आणि बेर्न्ड पोम्पे यांनी २००२ मध्ये दिली. मधल्या वेळांची यादी घ्या आणि तीन-तीनचे गट करा. प्रत्येक गटात किती नॅनोसेकंद ते विसरा. फक्त लहान, मधला, मोठा कुठल्या क्रमाने आले ते लिहा. असे क्रम सहाच असू शकतात. लहान-मधला-मोठा हा एक, मोठा-मधला-लहान हा दुसरा, मधे चार. लेझरला काही स्मरण नसेल, प्रत्येक धक्का आधीच्याशी फारकत घेऊन येत असेल, तर सहाही क्रम सारख्याच वेळा यायला हवेत.

धक्क्यांमधले अठरा हजार वेळ टिपले, म्हणजे सहा हजार सुटी त्रिकुटं, असं समजा. प्रत्येक क्रमाच्या वाट्याला सरासरी हजार येतील. नेमके हजार नाही येणार, योगायोगाचा थोडा खालीवरपणा राहील. त्याचं मापही काढता येतं: सहा हजार गुणिले एक षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश, त्याचं वर्गमूळ, साधारण २९. त्याच्या तिप्पट, म्हणजे ८७ पर्यंतचं अंतर योगायोगाच्या खात्यात टाकायचं. ९१३ ते १०८७ मध्ये सगळे सहा बसले तर आपण म्हणू की या मोजमापात नियम दिसत नाही. एखादा क्रम १३०० वेळा आला तर तिथे काहीतरी आहे. सरासरी मायक्रोसेकंदाला एक धक्का धरला तर हे अठरा हजार धक्के १८ मिलिसेकंदांत हाती येतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

या रीतीचं मला कौतुक वाटतं ते तिच्या सहनशीलतेमुळे. यंत्र थोडं चुकीचं मोजत असेल, सगळे वेळ पाच टक्के फुगवून दाखवत असेल, तरी लहान तो लहान आणि मोठा तो मोठाच राहतो. क्रम बदलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतली साधनं वापरणाऱ्याला याची किंमत कळते.

बार्सिलोनात क्रिस्तिना मासोलेर यांच्या गटाने लेझरच्या धक्क्यांवर हीच मोजणी केली. त्यातून निघालेलं चित्र दोन्ही पक्षांना थोडं थोडं खरं ठरवणारं आहे. प्रवाह उंबरठ्याच्या अगदी जवळ असताना सहा क्रम जवळपास सारखे येतात, म्हणजे तिथे बेताल फोटॉनांचं राज्य. प्रवाह वाढवत नेला तसे काही क्रम मागे पडतात, काही पुढे येतात, आणि लेझरच्या स्वतःच्या नियमाची सावली त्यात उमटते. स्तंभालेखाला हे दिसत नव्हतं. इतका लहानसा प्रश्न विचारून, तीन वेळांत मोठा कुठला आणि लहान कुठला, इतकं मोठं उत्तर मिळतं, याने मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः हरखून गेले होते.

यात एक काळजी घ्यावी लागते. सहा क्रम सारखे आले म्हणजे नियम नाहीच, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. तीनांत न दिसलेला नियम चारांच्या किंवा पाचांच्या गटांत दिसू शकतो. पण चारांचे क्रम २४ होतात, पाचांचे १२०, सहांचे ७२०, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पुरेशी नोंद यायची तर यादीही तितकीच लांब हवी. म्हणून अभ्यासक मूळ यादीबरोबर टोपलीत हलवलेल्या शेकडो याद्या तयार करतात आणि सगळ्यांवर तीच मोजणी चालवतात. मूळ यादी त्या गर्दीत मिसळून गेली तर गप्प बसायचं. वेगळी उठून दिसली तरच बोलायचं.

क्रमाखेरीज आणखी एक माप आहे, प्रतिध्वनीसारखं. उजेडाचा आलेख घ्या, त्याचीच एक प्रत थोडी पुढे सरकवा, आणि दोघांत किती साम्य आहे ते बघा. सरकवत सरकवत जा. केऑसमध्ये साम्य झटकन विरतं, पण एका ठिकाणी पुन्हा डोकं वर काढतं: बरोबर एका फेरीइतक्या अंतरावर. पंधरा सेंटिमीटरचा आरसा असेल तर एक नॅनोसेकंदावर. आरसा कुठे आहे हे लेझरने स्वतःच सांगून टाकलं.

हे सांगणं महागात पडू शकतं, कारण लोकांनी या बिथरलेपणाला कामाला लावलं आहे. २००५ मध्ये अथेन्स शहराखालच्या १२० किलोमीटर फायबरमधून केऑसच्या आड लपवलेला संदेश सेकंदाला एक अब्ज बिटांच्या वेगाने पाठवला गेला आणि दुसऱ्या टोकाच्या जुळ्या लेझरने तो सोडवला. गुपित राखायचं असेल तर आरशाचं अंतर बाहेर फुटता कामा नये. म्हणून ते साम्याचं डोकं दाबायला दोन आरसे, हलते आरसे, असे नाना उपाय शोधले गेले. २००८ मध्ये अत्सुशी उचिदा आणि सहकाऱ्यांनी दोन स्वतंत्र बिथरलेल्या लेझरांपासून सेकंदाला १.७ अब्ज यादृच्छिक बिट काढून दाखवले. प्रत्येक लेझरचा उजेड ठरावीक रेषेच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. मग दोघांचे बिट शेजारी ठेवायचे, सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. नियमाने चालणाऱ्या यंत्रातून नियम नसलेले बिट निघतील कसे, असं एका मुलीने मला वर्गात विचारलं होतं. उत्तर मघाच्या दोन बहिणींत आहे. आपणहून जन्मलेला एकच बेताल फोटॉन सुरुवातीचा हजारांशाचाही अंश हलवतो, आणि केऑस तो फरक पाहता पाहता फुगवून डोळ्यांपुढे उभा करतो.

दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे समुद्राच्या लाटांचा अभ्यास होतो, आणि लाटांचं एक माप लेझरवाल्यांनी थेट उचललं आहे. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी काढायची. एखादी लाट तिच्या दुपटीहून उंच आली तर ती राक्षसी लाट. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर फलाटाने अशी लाट यंत्रावर टिपली, २५.६ मीटर, तेव्हा बाकी समुद्राचं माप होतं सुमारे १२. बाहेरून दुसऱ्या लेझरचा प्रकाश आत सोडलेल्या अर्धवाहक लेझरमध्येही अशा अवाढव्य प्रकाशलाटा उठतात, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. समुद्रात अशी एक लाट सापडायला वर्षं जातात, टेबलावरच्या लेझरमध्ये त्या दुपारच्या जेवणाआधी हजारोंनी जमा होतात.

आमच्या शाळेत असा लेझर नाही, वेगवान ऑसिलोस्कोप तर दूरच. पण पागोळी आहे. रॉबर्ट शॉ यांनी १९८४ मध्ये गळत्या नळाच्या थेंबांवर केऑसचा अभ्यास मांडला होता. नळ अगदी कमी सोडला तर थेंब घड्याळासारखे पडतात, थोडा वाढवला तर लांब-आखूड-लांब-आखूड, आणखी वाढवला तर काही भरवसा नाही. पागोळीला नळ फिरवावा लागत नाही, पाऊस थांबला की ती आपोआप मंदावते. यंदा बारावीच्या मुलांना मी हेच काम दिलं आहे. मंगलोरी कौलाच्या एकाच ओठाखाली स्टीलचं ताट उपडं ठेवायचं, मोबाइल व्हरांड्यात कोरड्या जागी ठेवून "टण" आवाज ध्वनिमुद्रित करायचा, संगणकावर आवाजाच्या टोकांमधले वेळ मोजून यादी करायची. पाऊस ओसरल्यावर पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात कामाची. पण सबंध पंधरा मिनिटांची एकच यादी करायची नाही, कारण त्या वेळात थेंबांमधलं अंतर वाढत गेलेलं असतं आणि नुसत्या त्या वाढीनेच लहान-मधला-मोठा हा क्रम पुढे येईल. दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातली त्रिकुटं वेगळी मोजायची, आणि शेजारी त्याच तुकड्याची टोपलीत हलवलेली यादी ठेवायची. वाऱ्याने ताटावर आलेला एखादा चुकार थेंब कसा ओळखायचा, यावर सध्या त्यांची वर्गात वादावादी चालली आहे.